बांग बाईंचं शेवटचं भाषांतर

बांग यॉन-सुक बाईंनी अमेरिका कधीच पाहिली नाही. विमानात त्या एकदाच बसल्या, लग्नानंतर जेजू बेटावर जाताना. येताना नवऱ्याला मळमळतं म्हणून दोघं बोटीने आली. तरीही आमच्या सोल्लिममध्ये, कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ह्या गावात, बारा वर्षं अमेरिका बोलली ती बाईंच्याच तोंडून.

समोरच्या बेटावरचा त्यांचा जन्म. वडील गिम पिकवायचे, म्हणजे समुद्री शेवाळाची ती कागदासारखी काळी पानं. हिवाळ्यात पहाटे बर्फासारख्या पाण्यात हात घालून शेवाळ चौकटींवर पसरायचं काम पोरींकडे असे. सहाला रेडिओवर इंग्रजीचा धडा लागायचा. बाकीच्या बहिणी नाक पुसत काम उरकायच्या, ही मात्र चौकटींसमोर उभी राहून मोठ्याने वाक्यं म्हणायची. "चौकटी इंग्रजी शिकल्या, पण हात चालेना हिचा," असं त्यांची आई म्हणायची म्हणे. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ग्वांगजूच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं. मी त्याच कॉलेजात दोन वर्षं मागे होते, गृहविज्ञानाला. म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणे आणि मी ताई.

लग्न होऊन सोल्लिमला आल्यावर ताईंनी हार्डवेअरच्या दुकानावरची खोली घेऊन शिकवणी सुरू केली. मुन भाऊजींनी, त्यांच्या नवऱ्याने, शेवाळ वाळवायच्या जुन्या चौकटींच्या लाकडाची आठ बुटकी टेबलं बनवून दिली. त्या टेबलांना पावसाळ्यात समुद्राचा वास यायचा. गावातली दोन डझन पोरं तिथे मांडी घालून इंग्रजी शिकली.

आणि दर जुलैत यायचे हिरवे शर्ट. टेनेसीतल्या कुठल्याशा चर्चची दहा-पंधरा तरुण मुलं-मुली, सगळ्यांच्या अंगात पोपटी टी-शर्ट, सोबत त्यांचे पुढारी हचिन्स साहेब. दहा दिवस आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांना इंग्रजी शिकवायचं, गाणी म्हणायची, फुगे फोडायचे, येशूची ओळख करून द्यायची. आमच्या चर्चला सत्तर वर्षं झालीत, माझी आजेसासू रोज पहाटे पाचच्या प्रार्थनेला जाऊन जाऊन गुडघ्यातून गेली, पण असो. पाहुणे ओळख करून देताहेत तर घ्यावी करून.

ह्या सगळ्याला दुभाषी एकच, बांग ताई. फुकट. सेवा म्हणून.

मला इंग्रजी बोलता येत नाही, पण ऐकलेलं बरंचसं कळतं. त्यामुळे ताई काय करतात ते मला चौथ्या-पाचव्या वर्षीच लक्षात आलं होतं. हचिन्स साहेब म्हणायचे, "ह्या मुलांकडे काहीच नाही हे पाहून आमची हृदयं फाटली." ताई आम्हाला सांगायच्या, "तुमच्या मुलांकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं." आमचे चॉन पाळकसाहेब तोंड वाकडं करून म्हणायचे, "त्या पोरींना म्हणावं, देवाच्या घरात एवढ्याशा चड्ड्या घालून हिंडू नका." ताई हसून त्यांना सांगायच्या, "पाळकसाहेबांना काळजी वाटते, इथले डास फार वाईट आहेत." दुसऱ्या दिवशी पोरी लांब पँटी घालून हजर. दोन्हीकडचे लोक दर वर्षी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत निरोप घ्यायचे, आणि मध्ये ही बाई घाम पुसत उभी असायची.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं असत. प्रत्येक मुलाचं इंग्रजी नाव पुकारायचं, त्याच्या शिक्षकाने माईकवर त्याच्याबद्दल एक-दोन वाक्यं बोलायची, ताईंनी ती आम्हाला सांगायची आणि प्रमाणपत्राच्या मागे कोरियन अक्षरात लिहूनही द्यायची. सगळ्या आया त्यासाठीच कानात प्राण आणून बसायच्या. औषधवाल्याच्या घरात त्यांच्या मुलाचं वाक्य चौकटीत लावलंय, कुटुंबाच्या फोटोच्याही वर.

माझ्या दासोमबद्दल सांगायला हवं. ती साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोललीच नाही. सुनचॉनच्या दवाखान्यात मी तिला घेऊन किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. सगळे म्हणायचे काही दोष नाही. मग शाळेत शिक्षिका म्हणायच्या, मंद आहे. सासूबाई म्हणायच्या, आईवर गेलीय. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, प्रत्येक प्रश्नानंतर मनात आकडे मोजत. दासोम आठ वर्षांची असताना शिबिरातल्या मेगन नावाच्या मुलीने माईक हातात घेतला, काहीतरी बोलली, आणि ताईंनी सांगितलं, "दासोम उत्तराला वेळ लावते, कारण ती समोरच्याचं बोलणं पूर्ण संपायची वाट बघते. हिला घाई करू नका. हिच्यासारखं ऐकणारं मूल मी दुसरं पाहिलं नाही."

मी त्या क्षणी रडत होते, त्यामुळे मेगन नक्की काय बोलली त्याकडे माझं लक्षच नव्हतं. ते प्रमाणपत्र मी प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं, सासूबाईंना वाचून दाखवलं, शाळेत नेऊन शिक्षिकेला दाखवलं. माझ्या डोक्यात एकच घुसलं. साता समुद्रापलीकडच्या पोरीला दहा दिवसांत जे दिसलं ते इथे कुणाला दिसलं नाही. असल्या माणसांच्या हाताखाली माझी मुलगी वर्षभर असती तर!

शिबिराच्या बाराव्या वर्षी, जानेवारीत, चॉन पाळकसाहेबांनी ताईंना बोलावून घेतलं. चर्चच्या वरच्या मजल्यावर सप्टेंबरपासून इंग्रजी घर सुरू करायचं, बारा महिने. "बाई, तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्हीच मुख्य. पण एवढ्याशा गावात दोन दोन ठिकाणी इंग्रजी बरं दिसत नाही. तुमची शिकवणी इकडेच आणा." ताईंनी जूनअखेर हार्डवेअरवरची खोली सोडली. तिथे दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलचं दुकान आलं. आठ टेबलं भाऊजींच्या टेम्पोतून चर्चच्या वरच्या मजल्यावर गेली. ताई एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "अगं, खिडकीतून बेट दिसतं तिथनं. आईला सांगितलं, बघ, चौकटी पोचल्या कुठे."

मग जुलै आला, हिरवे शर्ट आले, आणि पहिल्याच दिवशी दुपारी पाळकसाहेबांनी पालकांची सभा घेतली. बाजूला हचिन्स साहेब, त्यांच्या शेजारी टायलर नावाचा बावीस वर्षांचा उंच, लाजरा मुलगा. मध्ये माईक घेऊन ताई.

"सप्टेंबरपासून इंग्रजी घर सुरू होतंय," पाळकसाहेब म्हणाले, "आणि त्यासाठी देवाने आपल्याला माणूसही दिलाय."

आम्ही सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी रीतीप्रमाणे मान खाली घातली.

"टायलर शिक्षक वर्षभर इथे राहणार आहेत! खरे अमेरिकन शिक्षक! बाई, सांगा ना त्यांना."

ताईंनी सांगितलं. इंग्रजीत, स्पष्ट, एक शब्द न अडखळता. हचिन्स साहेबांनी टायलरच्या पाठीवर थाप मारली.

"आणि आपल्या बांग बाई हजेरी, मुलांचा खाऊ आणि खोलीची स्वच्छता सांभाळतील. हेही सांगा. बरं, मंडळी, मंजूर असेल तर टाळ्या."

ताईंनी तेही सांगितलं. स्वतःची हजेरी, स्वतःचा खाऊ, स्वतःची स्वच्छता. मग हॉलमध्ये नुसती पंख्यांची घरघर. आमच्या चर्चमध्ये कुठलीही गोष्ट अशीच मंजूर होते. कुणी हात वर करत नाही, कुणी विरोधात बोलत नाही, टाळ्या वाजल्या की झालं. पण त्या दिवशी कुणीच वाजवेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम दिसला. अजून थोडा वेळ तसाच गेला असता तर कुणीतरी, कदाचित औषधवाल्यानेच, उठून विचारलं असतं की आणि बाईंचं काय.

माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टिकमधलं ते प्रमाणपत्र होतं. मी टाळी वाजवली. पहिली टाळी माझी. मग सगळ्यांनी वाजवल्या.

सभा संपल्यावर स्वयंपाकघरात आम्ही कलिंगडं कापत होतो. ग्यू-रीची आई हळूच म्हणाली, "खरं सांगू? बाईंचं इंग्रजी म्हणजे वाळवलेला बोंबील. आणि ह्यांचं ताजं, फडफडतं." दोघीतिघी हसल्या. मी मान वर केली तर दारात ताई, रिकामं ताट घेऊन.

"ताई," मी म्हणाले, "ताई, मी दासोमसाठी..."

"दासोमच्या आई, तुम्ही कलिंगड घ्या. गार आहे तोवर," ताई म्हणाल्या.

वीस वर्षं मी त्यांच्यासाठी "अगं" होते. त्या दिवसापासून मी "तुम्ही" झाले.

पुढचे नऊ दिवस ताई इतक्या गोड वागल्या की मला धसका बसला. टायलरला फळा कसा पुसायचा दाखवलं. हचिन्स साहेबांना झणझणीत सोसत नाही म्हणून वेगळं वाढलं. पाळकीणबाईंच्या नव्या ब्लाउजची तारीफ केली. आणि रोज पहाटे पाचच्या प्रार्थनेला पहिल्या रांगेत. आधी त्या रविवारखेरीज चर्चला यायच्या नाहीत. सहाव्या पहाटे मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"ताई, काय मागताय देवाकडे?"

"आवाज," त्या म्हणाल्या. "रविवारी घसा बसू नये, एवढंच."

शेवटचा रविवार. उपासना आटोपली, हॉलमध्ये लांब सतरंज्या, कोंबडीच्या सूपची भांडी वाफाळत होती. मी फाटकाशी चपला नीट लावत होते तर मुन भाऊजी टेम्पो लावून उभे. मागे दोरखंडाची गुंडाळी.

"भाऊजी, आज टेम्पो कशाला?"

"बायको म्हणाली, आण. आणला."

"आणि दोर?"

"तेही म्हणाली."

आत प्रमाणपत्रं सुरू झाली. त्या वर्षी वरच्या गटातल्या सगळ्या मुलांचा शिक्षक टायलरच. त्याने पहिलं नाव पुकारलं, "केव्हिन!" औषधवाल्याचा मुलगा पुढे गेला. टायलर काहीतरी बोलला. ताईंनी माईक तोंडाशी नेला.

"केव्हिन, तुझं हसू भारी आहे."

टाळ्या. दुसरी मुलगी. "ग्रेस, तुझं हसू भारी आहे." टाळ्या. "एरिक, तुझं हसू भारी आहे." पाचव्या मुलापर्यंत लोक खिदळायला लागले, गंमत चाललीय असं वाटून. आठव्यापर्यंत हसणं थांबलं. सूप तसंच राहिलं. आयांच्या हातातले कागदी पंखेही थांबले. ग्यू-री पुढे गेली, तिचंही हसू भारी निघालं, आणि तिच्या आईला राहवेना.

"अहो बाई, नीट सांगा ना! गेल्या वर्षी केवढं मोठं सांगितलं होतंत!"

"ते एवढंच म्हणाले," ताई माईकवरच म्हणाल्या. "गेल्या वर्षीही एवढंच म्हणाले होते. त्याच्या आदल्या वर्षीही. एका वर्षी हसूऐवजी 'तू झकास आहेस' होतं."

"मग ते... आमच्या घरी लावलंय ते?" औषधवाल्याने विचारलं.

"ते मी लिहिलं होतं."

आणि लगेच वळून त्यांनी ही सगळी प्रश्नोत्तरं अमेरिकनांना इंग्रजीत सांगितली. एकही शब्द गाळला नाही. हचिन्स साहेबांचं तोंड हसऱ्या आकारातच अडकून राहिलं.

मी मनात मेगनचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते. तिचे ओठ किती हलले होते? दोनच शब्दांपुरते की काय?

"डेझी!"

दासोम उठली, दोन्ही हात पुढे जोडून समोर गेली. टायलरने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग वाकून हचिन्स साहेबांच्या कानाशी काही पुटपुटला. माईकपासून लांब. ताईंपासून मात्र लांब नव्हता.

"टायलर शिक्षक विचारताहेत," ताईंचा आवाज हॉलभर खणखणला, "ही कोण? ही माझ्या वर्गात होती का?"

मग टायलर सरळ झाला, काहीतरी बोलला.

"डेझी, तुझं हसू भारी आहे."

दासोम हसली नाही. तिने त्यांचं बोलणं पूर्ण संपू दिलं, मग दोन्ही हातांनी प्रमाणपत्र घेतलं आणि नीट वाकून नमस्कार केला. ताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या डोक्यावरून थेट माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कळलं की हे नऊ दिवसांचं गोड वागणं, त्या पहाटेच्या प्रार्थना, हा माईक, ह्यातलं बरंचसं माझ्यासाठीच राखून ठेवलेलं होतं. पाळकसाहेबांनी त्यांची जागा काढून घेतली होती. पण ती टाळ्यांशिवाय जात नव्हती, आणि टाळी मी दिली होती. त्यांच्याच वाक्याच्या जोरावर.

हचिन्स साहेबांना वाटलं आपण बोललो की सगळं सावरेल. ते उठले. दर वर्षीचंच भाषण, शेवटी फक्त टायलरची भर. मी ते अकरा वेळा ऐकलं होतं, पण आम्ही गावाने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"आम्ही प्रथम आलो तेव्हा इथे अंधार होता," ताई सांगत गेल्या. "ह्या मुलांना शिकवणारं कुणी नव्हतं. कुणाला त्यांची पर्वा नव्हती. आमच्या मुलांनी पोहण्याच्या सुट्ट्या सोडून त्याग केला. इथले संडास पाहून काहीजणी रडल्या, पण देवाने त्यांना बळ दिलं. टायलरचं कॉलेज अर्धवट सुटलं, वर्षभर त्याला कुठे काम मिळत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली की देवा, ह्याच्यासाठी एखादं दार उघड. आणि बघा, हे दार उघडलं."

माझ्या शेजारी ग्यू-रीची आई म्हणाली, "अगं बाई! आमच्या पोरांना बेकार पाठवला!"

ताईंनी तेही इंग्रजीत सांगितलं.

"आणि आम्ही केलेलं सूप मोरीत ओततात, ते मी पाहिलंय!" मागून कुणीतरी बोललं. तेही गेलं. एक पोपटी शर्टातली मुलगी रडायला लागली.

आता पाळकसाहेब जागेवरून सरकत ताईंजवळ आले. ओठ न हलवता, दातांतून. "बाई, डोकं फिरलंय का तुमचं? नुसतं धन्यवाद म्हणा आणि हसा. वरच्या मजल्याचं नवं छप्पर हे लोक करून देणार आहेत. ते होईपर्यंत ह्यांना गोंजारायला हवं."

ताईंनी ऐकून घेतलं. पूर्ण संपेपर्यंत. मग माईक उचलला आणि आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी पुन्हा कोरियनमध्ये, तेही सांगितलं. दातांतून नाही, मोकळ्या घशाने. "गोंजारायला" ह्या शब्दाशी त्या जरा थांबल्या, योग्य इंग्रजी शब्द शोधला, आणि त्यांना तो सापडला.

पाळकीणबाईंच्या हातून पळी पडली. हचिन्स साहेब पाळकसाहेबांकडे बघत होते, पाळकसाहेब जमिनीकडे. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना एकमेकांचं सगळं बोलणं कळलं होतं.

"माझं भाषांतर संपलं," ताई म्हणाल्या आणि माईक सूपच्या भांड्याशेजारी ठेवला. "वरची टेबलं माझी आहेत. ती मी नेतेय."

मोठ्यांपैकी कुणी हललं नाही. मुलं उठली. दोन-दोन मुलांनी एक-एक टेबल, असं जिन्यावरून खाली, हॉलमधून, पाळकसाहेबांच्या अगदी समोरून. पोपटी शर्टवाले भिंतीला चिकटून उभे राहिले. टायलरने मात्र पुढे होऊन दार धरून ठेवलं, शेवटचं टेबल जाईपर्यंत. शेवटचं टेबल दासोम आणि ग्यू-रीकडे होतं. बाहेर भाऊजींनी दोर आवळले. ताई पुढे त्यांच्या शेजारी बसल्या, खिडकीची काच खाली केली, आणि टेम्पो गेला.

पुढचं थोडक्यात. इंग्रजी घर ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात सुरू झालं. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, सुट्टीत आम्ही सगळे आपापल्या गावी गेलो, टायलर एकटाच चर्चमध्ये राहिला, आणि परत आलो तर तोही आपल्या गावी निघून गेला होता. छप्पर काही आलं नाही. पुढच्या जुलैत हिरवे शर्ट आले नाहीत. वरच्या मजल्यावर आता लाल मिरच्या वाळत घालतात. पाळकसाहेबांनी लागोपाठ तीन रविवार जिभेच्या पापावर उपदेश केला. ताई तिन्ही रविवारी पहिल्या रांगेत बसल्या आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाल्या.

शिकवणी त्यांनी भाऊजींच्या शेवाळ बांधणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडली. एकेक आई मान खाली घालून जायला लागली. प्रत्येकीला ताईंनी दारातच उभं केलं.

"माझे उच्चार आहेत ते असे आहेत. अमेरिका मी पाहिलेली नाही. मधूनच मूल काढून नेलं तर पुन्हा घेणार नाही. मंजूर असेल तर टाळ्या."

पत्र्याच्या शेडमध्ये एका बाईची टाळी कशी वाजते ते आमच्या गावातल्या सोळा जणींना ठाऊक आहे. ग्यू-रीची आई मासे साफ करता करता आली होती, तिने रबरी हातमोज्यांनीच वाजवली. औषधवाला बायकोला न पाठवता स्वतः आला. मी गेले तेव्हा आत मुलं बसलेली होती. मी वाजवली.

"अजून," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी जोरात वाजवली होतीत."

मी जोरात वाजवली. दासोमला त्यांनी आत घेतलं, पहिल्या टेबलाशी, स्वतःच्या समोर.

ह्याला आता दीड वर्ष होईल. दासोम शाळेत उभी राहून इंग्रजी वाचते. शिक्षिका मंद म्हणत नाहीत. मला तक्रारीला जागा नाही. दर सत्राच्या शेवटी ताई प्रत्येक मुलाबरोबर घरी एक चिठ्ठी देतात, मुलाबद्दल दोन ओळी, त्या पूर्वीसारख्याच. ग्यू-रीची चिठ्ठी तिच्या आईने मला बाजारात दाखवली. "चूक झाली की ही आधी शेजारणीकडे बघते. तिला भीती रागावण्याची नाही, एकटं पडण्याची आहे." ग्यू-रीची आई माशांच्या टोपलीपाशी उभी राहून डोळे पुसत होती.

दासोमच्या तीन चिठ्ठ्या आमच्या फ्रिजवर आहेत. पहिलीत लिहिलंय, "हसू भारी आहे." दुसरीत लिहिलंय, "हसू भारी आहे." तिसरी परवा आली.

मी काल शेडवर गेले. ताई शेवाळाचे गठ्ठे मोजत होत्या.

"ताई, दासोम कशी आहे ते मला सांगा ना. एकदाच. चांगलं असेल, वाईट असेल, पण खरं. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

"लिहून दिलंय की, दासोमच्या आई. तुम्हाला हवं होतं तेच."

"किती दिवस ताई?"

"बारा वर्षं मी गोड बोलले," त्या म्हणाल्या आणि पुढचा गठ्ठा उचलला. "तुमचं आत्ता कुठे दीड झालंय."

घरी आल्यावर मी दासोमला जवळ घेऊन विचारलं, "बाई तुझ्याबद्दल काही म्हणतात का गं? तुला काही सांगतात?"

तिने वेळ घेतला. मी आकडे मोजायला लागले, मग थांबले.

"हो, सांगतात. प्रत्येक वेळी चिठ्ठी देताना."

"काय सांगतात?"

"तुला सांगायचं नाही म्हणाल्यात," दासोम म्हणाली, आणि हसली.